स्लाइस पुन्हापुन्हा का परततो? ड्रायव्हरचा चेंडू उजवीकडे वळण्याचे निदान आणि उपाय

गोल्फ खेळणाऱ्या जवळपास सर्वांची तक्रार सारखीच असते. सात नंबरचे आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) बऱ्यापैकी सरळ जाते, वेजने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने) मारलेला चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, बसतो, परंतु ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) हातात घेतला की चेंडू सुरुवातीला ठीक निघाल्यासारखा वाटतो आणि उत्तरार्धात उजवीकडे वळत जाऊन झाडीत किंवा हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या खुंट्यांच्या पलीकडे पडतो. मग कोणीतरी एखादा उपाय सुचवतो, रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, तो लागूही पडतो, काही दिवस समाधान वाटते, आणि पुढच्या रविवारी मैदानावर पहिल्याच टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागेवर) तोच वळलेला चेंडू पुन्हा समोर येतो. येरवड्याला, चेंबूरला किंवा सिडकोच्या खारघरच्या मैदानावर हौसेने खेळणाऱ्यांपैकी ज्याला हा अनुभव नाही असा खेळाडू क्वचितच भेटेल.

स्लाइस, म्हणजे असा उजवीकडे वळणारा चेंडू, एकदा घालवणे फारसे अवघड नाही. तो परत का येतो हे समजून घेणे अवघड आहे, आणि पुढील विवेचन त्याच प्रश्नापुरते आहे. माझे मत असे की स्लाइस परत येण्यामागे बहुतेक वेळा दोनच कारणे असतात. पहिले कारण हे की खेळाडू स्विंगचा मार्ग सुधारत बसतो आणि क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारा पृष्ठभाग, तसाच उघडा (उजवीकडे वळलेला) राहतो. दुसरे कारण हे की रेंजवर ज्या आधारावर तो सुधारणा करतो तो आधार मैदानावर त्याच्याजवळ नसतो. पुढील सर्व दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी दिलेल्या आहेत. डावखुऱ्यांनी डावे आणि उजवे यांची अदलाबदल करून वाचावे.

चेंडूचा मार्ग आधी नीट वाचावा

चेंडू कोठे पडला यावरून निदान करण्याची सवय प्रथम सोडावी लागते. पडण्याची जागा हा अनेक गोष्टींचा एकत्रित परिणाम असतो. निदानासाठी मात्र तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात: चेंडू कोणत्या दिशेने निघाला, निघाल्यानंतर कोणत्या बाजूला वळला आणि तो फेसच्या कोणत्या भागावर लागला.

क्लब आणि चेंडू यांचा संपर्क जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. त्या क्षणी फेस कोणीकडे पाहत आहे यावर चेंडूची निघण्याची दिशा मुख्यतः ठरते. ड्रायव्हरच्या बाबतीत फेसचा वाटा चार-पंचमांशाहून अधिक, तर आयर्नच्या बाबतीत सुमारे तीन-चतुर्थांश असतो आणि उरलेला वाटा क्लबच्या मार्गाचा असतो. चेंडू नंतर किती वळेल हे फेस आणि मार्ग यांच्यातील कोनावर अवलंबून असते. पूर्वी अनेक ठिकाणी याच्या नेमके उलट शिकवले जात असे: चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेने वळतो. ट्रॅकमॅनसारखी रडारवर चालणारी यंत्रे सरावाच्या ठिकाणी पोहोचल्यानंतर ही समजूत मागे पडली, तरी क्लबहाउसमध्ये मिळणारे बरेचसे सल्ले अजूनही जुन्या समजुतीवरच उभे असतात, आणि चुकीच्या निदानाची सुरुवात अनेकदा तेथूनच होते.

उजवीकडे जाणारा प्रत्येक चेंडू एकाच दोषाचा नसतो हे यावरून लक्षात येईल. चेंडू लक्ष्याच्या उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळत असेल, तर फेस लक्ष्याच्याही उजवीकडे उघडा आहे आणि मार्गाच्या तुलनेतही उघडा आहे. येथे मार्गाकडे पाहण्याची घाई करू नये. चेंडू जवळपास लक्ष्याच्या रेषेवर निघून मग उजवीकडे वळत असेल, तर फेस लक्ष्याकडे आहे, परंतु क्लब बाहेरून आत, म्हणजे डावीकडे कापत जात आहे. चेंडू डावीकडे निघून उजवीकडे परत येत असेल, तर फेस लक्ष्याच्या डावीकडे आहे आणि मार्ग त्याहूनही अधिक डावीकडे आहे. चेंडू उजवीकडे निघून न वळता सरळच जात असेल, तर तो स्लाइस नव्हेच. तेथे फेस आणि मार्ग दोन्ही उजवीकडे आहेत आणि पुष्कळदा दोष फक्त उभे राहण्याच्या दिशेत असतो. या शेवटच्या प्रकारातील खेळाडूने स्लाइसचे उपाय केले तर त्याचा बरा असलेला स्विंग बिघडण्याचीच शक्यता अधिक.

निघण्याची दिशा डोळ्यांनी अचूक टिपणे कठीण असते, कारण वळणारा चेंडू पाहून आपल्याला त्याची सुरुवातही वळलेली वाटू लागते. त्यासाठी लक्ष्याच्या रेषेवर, चेंडूच्या तीन-चार मीटर पुढे, एक अलाइनमेंट स्टिक (दिशा धरण्याची काठी) जमिनीत उभी रोवावी आणि चेंडू तिच्या कोणत्या बाजूने निघतो एवढेच पाहावे. रेंजवर फटके चालू असताना रेषेच्या पुढे पाऊल टाकू नये. स्टिक रेंज सुरू होण्यापूर्वी किंवा तेथील प्रोच्या (प्रशिक्षकाच्या) परवानगीने सर्वांना थांबवूनच रोवावी. ते शक्य नसेल तर दूरची जाळी धरून ठेवणारा खांब निवडून त्याच्याशी तुलना केली तरी चालते.

सात नंबरचे आयर्न सरळ आणि ड्रायव्हर वाकडा, असे का

या प्रश्नाचे उत्तर कळले नाही तर खेळाडू ड्रायव्हरसाठी वेगळा स्विंग शोधत बसतो. प्रत्यक्षात दोष बहुधा दोन्ही क्लबांमध्ये सारखाच असतो. लॉफ्ट (फेसचा मागच्या बाजूचा झुकाव) जास्त असलेला क्लब तो लपवतो आणि ड्रायव्हर तो उघड करतो. आघाताच्या क्षणी फेस वरच्या बाजूला जितका झुकलेला असतो आणि क्लब ज्या उतारावरून येत असतो, त्या दोहोंतील कोन मोठा असेल तर चेंडूला मागच्या बाजूचा फिरकीवेग भरपूर मिळतो आणि फेस थोडा उघडा असला तरी फिरकीचा अक्ष फारसा कलत नाही. ढोबळ हिशेब करून पाहा. फेस मार्गापेक्षा 5 अंश उघडा आहे असे धरा. ड्रायव्हरमध्ये वर सांगितलेला कोन सुमारे 15 अंश असेल तर अक्ष जवळपास 18 अंश कलतो, आणि 200 यार्ड जाणारा चेंडू सुमारे 25 यार्ड उजवीकडे वळतो. सात नंबरच्या आयर्नमध्ये तोच कोन 27 अंशांच्या आसपास असल्याने अक्ष 10 ते 11 अंशच कलतो, आणि 150 यार्डांच्या फटक्यात वळण 11 यार्डांच्या जवळपास राहते. ग्रीनच्या उजव्या कडेवर पडलेल्या अशा चेंडूला आपण चांगला फटका म्हणून मोकळे होतो.

याशिवाय आणखी एक भर पडते. आयर्नचा चेंडू क्लब खाली येत असताना लागतो, तर ड्रायव्हरचा चेंडू टीवर (चेंडू ठेवण्याच्या छोट्या खुंटीवर) उंच आणि डाव्या पायाजवळ असल्याने क्लब वर जाऊ लागला असताना लागतो. स्विंगचे प्रतल तिरके असते. त्यामुळे खाली येतानाच्या टप्प्यात क्लबचा मार्ग थोडा उजवीकडे असतो आणि वर जातानाच्या टप्प्यात तो डावीकडे वळू लागलेला असतो. एकच स्विंग आयर्नला साजेसा मार्ग देतो आणि ड्रायव्हरला डावीकडे कापणारा मार्ग देतो तो यामुळेच. चेंडू पुढे ठेवल्यावर खांदेही नकळत डावीकडे उघडतात, कारण उजवा हात ग्रिपवर (क्लबच्या मुठीवर) खाली असतो. पाय बरोबर रेषेत असूनही खांदे उघडे राहिलेले मी फार वेळा पाहिले आहेत. म्हणून क्लब छातीवर आडवा धरून खांद्यांची रेषा स्वतंत्रपणे तपासावी.

सर्वांत आधी चेंडू लागण्याची जागा

फेस आणि मार्ग यांचा विचार सुरू करण्यापूर्वी दहा-बारा चेंडू केवळ लागण्याची जागा पाहण्यासाठी मारावेत. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठळक ठिपका काढून ती बाजू फेसकडे ठेवली, तर आघातानंतर फेसवर त्याची खूण उमटते आणि कापडाने ती पुसताही येते. ड्रायव्हरच्या डोक्याचा वजनमध्य फेसच्या बराच मागे असतो, त्यामुळे चेंडू मध्यापासून दूर लागला की क्लबचे डोके फिरते आणि चेंडूला उलट बाजूची फिरकी मिळते: टाचेकडे (फेसच्या दांड्याजवळच्या बाजूला) लागलेला चेंडू उजवीकडे, तर टोकाकडे (दांड्यापासून दूरच्या बाजूला) लागलेला चेंडू डावीकडे वळतो. फेस आणि मार्ग अगदी बरोबर असूनही केवळ टाचेवर लागल्यामुळे चेंडू स्लाइस होऊ शकतो. खुणा सातत्याने टाचेकडे असतील तर चेंडूपासून थोडे लांब उभे राहणे, खाली येताना वजन पायांच्या बोटांकडे जाऊ न देणे आणि चेंडूच्या पलीकडच्या बाजूला दुसरी टी रोवून तिला न स्पर्शता फटका मारणे, एवढ्या उपायांनी पुष्कळांचे अर्धे दुखणे कमी होते. ही तपासणी न करता लोक कित्येक महिने ग्रिप बदलत राहतात याचे मला वाईट वाटते.

फेस आधी, मार्ग नंतर

आता मुख्य मुद्दा. बाहेरून आत येणारा मार्ग हे स्लाइसचे कारण म्हणून सर्वत्र सांगितले जाते आणि मोजमापात तो दिसतोही. तथापि हा मार्ग बहुतेक खेळाडूंच्या शरीराने शोधून काढलेला तोडगा असतो. फेस उघडा असल्यामुळे चेंडू उजवीकडे जातो. डोळे ते पाहतात. पुढच्या वेळी खेळाडू नकळत डावीकडे स्विंग करतो आणि चेंडूची सुरुवात तरी मैदानाच्या मध्याजवळ येते. मग तो जाणूनबुजून पायही डावीकडे वळवून उभा राहतो. त्यामुळे मार्ग आणखी डावीकडे जातो, फेस आणि मार्ग यांतील कोन वाढतो आणि वळणही वाढते. फेस उघडा ठेवून मार्ग तेवढा सरळ केला, तर चेंडू सरळ उजवीकडे रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) जातो, आणि दोन-चार फटक्यांतच शरीर पुन्हा जुन्या, त्यातल्या त्यात सुरक्षित मार्गाकडे वळते. केवळ मार्गावर केलेला उपाय टिकत नाही, याचे स्पष्टीकरण मला येथेच सापडते.

फेस उघडा राहण्याचे पहिले कारण डाव्या हाताची पकड असते. ग्रिप तळव्यातून न जाता बोटांच्या मुळांतून गेली पाहिजे आणि खाली पाहिल्यावर डाव्या हाताच्या दोन ते तीन बोटांची पेरे दिसली पाहिजेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील रेघ उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. हातमोजा तळव्याच्या टाचेपाशी झिजून भोक पडत असेल, तर क्लब तळव्यात धरला जात असून स्विंगमध्ये तो सरकतो आहे असे समजावे. मुंबईच्या आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत घामामुळे ग्रिप निसटते, मग खेळाडू ती घट्ट आवळतो आणि मनगटे अडकतात. दुसरा कोरडा मोजा पिशवीत ठेवणे आणि गुळगुळीत झालेल्या ग्रिपा बदलून घेणे हा खर्च नव्या ड्रायव्हरच्या आधी करावा.

दुसरे कारण मनगटाचे. स्विंगच्या वरच्या टोकाला डावे मनगट मागे मोडलेले असेल तर फेस उघडतो. मनगट सपाट किंवा किंचित पुढे वाकलेले असेल तर तो मिटतो. मोबाइलवर हे सहज दिसते.

तिसरे कारण आपल्याकडे विशेष आढळते, कारण आपल्यापैकी बहुतेक जण गोल्फकडे क्रिकेट खेळून आलेले असतात. सरळ बॅटने खेळायला शिकलेला हात चेंडूच्या रेषेत फेस शेवटपर्यंत धरून ठेवतो, आणि बॅटमध्ये ते योग्यच असते, कारण बॅटचे वजन मुठीच्या अक्षाच्या सरळ रेषेत असते. गोल्फ क्लबचे डोके शाफ्टच्या (दांड्याच्या) एका बाजूला असते. त्याचा वजनमध्य शाफ्टच्या अक्षापासून दूर असल्याने खाली येताना तो मागे रेंगाळतो, आणि हातांनी बाहू फिरवून त्याला लक्ष्यासमोर आणले नाही तर फेस उघडाच राहतो. क्रिकेटमध्ये ऑफ ड्राइव्ह सुरेख मारणाऱ्या खेळाडूला हे फिरवणे सुरुवातीला चुकीचे, जवळजवळ बेशिस्त वाटते. ते चुकीचे नाही, हे त्याला कोणीतरी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

फेससाठी सर्वांत उपयुक्त सराव अर्ध्या स्विंगचा आहे. सात नंबरचे आयर्न घेऊन हात कमरेच्या उंचीपर्यंत मागे न्यावेत, तेथे क्लबचे टोक वर किंवा किंचित जमिनीकडे झुकलेले आहे याची खात्री करावी आणि पुढच्या बाजूला कमरेच्या उंचीवर पोहोचताना उजवा हात डाव्या हातावरून फिरलेला असावा. वेग अर्ध्याहून कमी ठेवावा. उद्दिष्ट एकच: चेंडू डावीकडे वळला पाहिजे. सरळ गेलेला चेंडू या सरावात यशस्वी मानू नये. वर्षानुवर्षे स्लाइस करणाऱ्या खेळाडूला ठरवून चेंडू डावीकडे वळवता येईपर्यंत त्याचा फेस बदलला आहे असे मी मानत नाही. दोन्ही हातांमध्ये चार बोटांचे अंतर ठेवून क्लब धरल्यास फेस फिरल्याची जाणीव अधिक स्पष्ट होते. या पकडीने मात्र हळूच आणि छोटेच फटके मारावेत.

यानंतर एक टप्पा येतो ज्यावर बहुतेक जण माघार घेतात. फेस मिटू लागतो, परंतु मार्ग अजून जुनाच, डावीकडे कापणारा असतो. त्यामुळे चेंडू डावीकडे निघून आणखी डावीकडे, बुटका आणि वेगाने जातो. खेळाडूला वाटते की सगळेच बिघडले, आणि तो जुन्या पकडीकडे परततो. हा डावीकडचा चेंडू सुधारणेचे सर्वांत विश्वसनीय चिन्ह आहे. आता डावीकडे स्विंग करण्याचे कारणच उरलेले नसते, आणि चेंडू डावीकडे जाताना दिसू लागला की शरीर आपोआप मार्ग उजवीकडे सरकवू लागते. या टप्प्यात काही आठवडे गुणांची स्पर्धा खेळू नये.

मार्गासाठी काय करावे

फेस आपल्या ताब्यात आल्यावर मार्गाचे काम पुष्कळ हलके होते. तीन चेंडूंचा रिकामा कागदी खोका किंवा ड्रायव्हरचे मऊ आवरण चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, थोडे मागे ठेवावे. बाहेरून येणारा क्लब त्याला लागतो आणि आतून येणारा लागत नाही. कडक वस्तू कधीही ठेवू नये. उजवा पाय अर्ध्या पावलाने मागे घेऊन फटके मारणे हाही चांगला सराव आहे, कारण त्या स्थितीत खांदे लवकर उघडू शकत नाहीत. ड्रायव्हरच्या बाबतीत चेंडूचा निम्मा भाग क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसेल इतकी टी ठेवावी आणि पाठीचा कणा लक्ष्यापासून किंचित दूर झुकवून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आणावा. यापलीकडे मार्गावर फार विचार करण्याची गरज बहुतेकांना पडत नाही.

अभिप्राय किती, कोणता आणि कधी

येथपर्यंतचे सर्व केले तरी स्लाइस परत येऊ शकतो, कारण सराव कसा केला यावर शिकलेले टिकणे अवलंबून असते. रेंजवरचा खेळाडू एकाच लक्ष्याकडे, एकाच क्लबने, पाठोपाठ चाळीस चेंडू मारतो. पंधराव्या चेंडूपासून ते चांगले जाऊ लागतात आणि त्याला वाटते की आपण शिकलो. शीआ आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये केलेल्या प्रयोगात असे आढळले की एकच हालचाल सलग करणाऱ्यांची प्रगती सरावाच्या वेळी अधिक दिसते, परंतु हालचालींचा क्रम बदलत सराव करणारे नंतरच्या चाचणीत पुढे असतात. 1984 मध्ये सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी अभिप्रायाविषयी असाच विचार मांडला: प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून उत्तर मिळत राहिले तर शिकणारा त्याच्यावर विसंबतो, आणि ते उत्तर बंद होताच कामगिरी घसरते. मैदानावर ते उत्तर बंदच असते. गोल्फच्या नियमांनुसार फेरीत दिशा धरण्यासाठी स्टिक जमिनीवर ठेवता येत नाही, आणि 2019 च्या नियमांपासून खेळाडू उभा राहू लागल्यावर कॅडीलाही (पिशवी वाहणाऱ्या मदतनीसालाही) त्याच्या मागे रेषेत थांबून दिशा दाखवता येत नाही. ज्याचा सराव सतत स्टिकच्या आणि यंत्राच्या आधाराने झाला आहे त्याचे हात पहिल्या टीवर जुन्या सवयीकडे वळतात यात आश्चर्य नाही.

मोबाइलच्या चित्रणाचा उपयोग आहे, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. सेकंदाला 240 चित्रे घेणारा कॅमेरा दोन चित्रांमध्ये सुमारे 4 मिलिसेकंद गमावतो. ताशी 144 किलोमीटर वेगाने येणारे क्लबचे डोके तेवढ्यात 16 ते 17 सेंटिमीटर पुढे गेलेले असते, आणि चेंडूशी त्याचा संपर्क तर अर्धा मिलिसेकंदच असतो. आघाताच्या क्षणी फेस किती उघडा होता हे मोबाइलवरून सांगता येत नाही; फेससाठी चेंडूची निघण्याची दिशाच अधिक प्रामाणिक साक्षीदार आहे. मार्ग पाहायचा असेल तर कॅमेरा हातांच्या उंचीवर, हातांमधून जाणाऱ्या आणि लक्ष्यरेषेला समांतर असलेल्या रेषेवर, खेळाडूच्या मागे ठेवावा. तो जरा आत किंवा बाहेर सरकला तरी चांगला मार्ग वाईट आणि वाईट मार्ग चांगला दिसतो, म्हणून प्रत्येक वेळी त्याच जागी ठेवण्यासाठी जमिनीवर खूण करावी.

लॉन्च मॉनिटर (फटक्याचे मोजमाप दाखवणारे यंत्र) उपलब्ध असेल तर पडद्यावरील डझनभर आकड्यांपैकी स्लाइससाठी दोनच पाहावेत: फेस आणि मार्ग यांतील फरक आणि चेंडू लागण्याची जागा. अंतराचा आकडा झाकता आला तर झाकावा, कारण तो दिसत असताना कोणीही हळू स्विंग करत नाही.

कॅडीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक अभिप्राय त्यांच्याकडूनच मिळतो. फटका उजवीकडे गेला की "सर, डोकं उठलं" हे वाक्य बहुतेकांनी ऐकलेले असते. डोके उठणे हे पुष्कळदा कारण नसून परिणाम असते, आणि ते खाली धरून ठेवल्याने छातीचे फिरणे अडून फेस आणखी उघडा राहू शकतो. तरीही कॅडीची नजर फार मोलाची आहे; 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हे पूर्वी दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडीचेच काम करत असत. फरक फक्त प्रश्नाचा आहे. काय चुकले असे विचारण्याऐवजी चेंडू कोणत्या झाडाच्या रेषेत निघाला आणि कोठून वळू लागला एवढेच विचारावे. या प्रश्नाला मिळणारे उत्तर जवळजवळ नेहमी अचूक असते.

लक्ष कोठे ठेवावे यावरही बराच अभ्यास झाला आहे. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नवशिक्यांना गोल्फचे छोटे पिच फटके शिकवताना काहींना हातांच्या हालचालीकडे आणि काहींना क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले. क्लबकडे लक्ष देणारे अधिक अचूक ठरले. म्हणून "मनगट फिरव" यापेक्षा "क्लबचे टोक चेंडूच्या आधी वळू दे" अशी सूचना स्वतःला द्यावी.

एका बास्केटची मांडणी

साठ चेंडूंची बास्केट असेल तर पहिले पंधरा चेंडू अर्ध्या स्विंगसाठी, स्टिक आणि खूण यांच्यासह, प्रत्येक फटक्यानंतर उत्तर पाहत मारावेत. त्यानंतरच्या वीस चेंडूंमध्ये स्टिक तशीच ठेवून एक नवी अट घालावी: फटका झाल्यावर वर पाहण्यापूर्वी चेंडू कोणीकडे निघाला, कोणीकडे वळला आणि कोठे लागला याचा अंदाज मनात किंवा मोठ्याने सांगायचा आणि मगच पडताळायचा. अंदाज आणि वास्तव यांतील अंतर कमी होत जाणे ही या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची प्रगती आहे, कारण मैदानावर खेळाडूजवळ स्वतःचा अंदाज एवढाच अभिप्राय उरतो. शेवटचे पंचवीस चेंडू सर्व साधने बाजूला ठेवून, दर वेळी क्लब आणि लक्ष्य बदलून, मागे जाऊन पुन्हा रेषा धरून मारावेत. आपल्या मैदानाचे पहिले नऊ होल मनात खेळावेत. या भागात चेंडू वाईट जातील. ते तसे जाणे अपेक्षित आहे, आणि त्यामुळे सुरुवातीच्या सरावाकडे परत धावू नये.

एका छोट्या वहीत प्रत्येक वेळी शेवटच्या पंचवीस चेंडूंपुरत्याच तीन नोंदी ठेवाव्यात: निघण्याची दिशा, वळण, लागण्याची जागा. चांगल्या टप्प्यातील नोंद वाचण्यात फारसा अर्थ नसतो. रबराच्या मॅटवर जमिनीला आधी लागलेला क्लब घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका ठीक वाटतो, म्हणून आयर्नच्या नोंदी शक्य असेल तेव्हा गवतावरून घ्याव्यात.

फेरीच्या मध्येच स्लाइस आला तर

मैदानावर दुरुस्ती करू नये. टीच्या जागेच्या उजव्या कडेला उभे राहून फेअरवेच्या (मधल्या आखूड गवताच्या पट्ट्याच्या) डाव्या भागावर नेम धरावा, म्हणजे वळणाला सर्वांत जास्त जागा मिळते. मात्र नेम डावीकडे धरताना खांदे आणि पाय यांची रेषा एकच ठेवावी. उजवीकडे पांढऱ्या खुंट्या असतील तर ड्रायव्हर पिशवीतच राहू द्यावा. हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूमुळे एक दंडाचा फटका आणि अंतर दोन्ही जातात, तर जास्त लॉफ्टच्या फेअरवे वुडने किंवा हायब्रिडने वीस-तीस यार्ड कमी गेले तरी वळण बरेच कमी होते. फेरीत तपासण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे डाव्या हाताची पकड, कारण थकव्याने आणि घामाने ती होलगणिक सैल होत जाऊन कमकुवत बाजूला सरकते.

पावसाळ्यात दोन-तीन महिने खेळ कमी झाल्यावर स्लाइस परतणे अगदी सामान्य आहे. अशा वेळी नवा उपाय शोधू नये. लागण्याची जागा, पकड, अर्ध्या स्विंगने डावीकडे वळणारा चेंडू, आणि मग मार्ग, या क्रमानेच पुन्हा तपासावे. समायोजित करता येणाऱ्या ड्रायव्हरमध्ये वजन टाचेकडे सरकवून किंवा लॉफ्ट वाढवून वळण थोडे कमी करता येते, परंतु 5 अंश उघडा फेस कोणत्याही किल्लीने बंद होत नाही, म्हणून हा बदल सर्वांत शेवटी करावा. मनगट, कोपर किंवा पाठ दुखू लागली तर सराव थांबवावा. इतके करूनही नोंदवहीत महिनाभर तोच उजवीकडे निघून उजवीकडे वळणारा चेंडू दिसत राहिला, तर प्रशिक्षित प्रोकडे जावे आणि पहिल्याच भेटीत ती वही त्यांच्यासमोर ठेवावी. स्लाइस होतो एवढे सांगून सुरू झालेल्या तासाचा अर्धा वेळ निदानातच जातो. वही असली तर तो वेळ कामाला लावता येतो.